दहा खाली, पाच वर

हेमलता उपासनीसमोर कान तपासायला बसलेला माणूस पहिली दोन मिनिटं हमखास चुकतो. आवाज आलेला नसतानाही बटण दाबतो. कुणाला वाटतं ही परीक्षा आहे, आपण नापास होऊ. कुणाला खरंच भास होतात. हेमलता चिडत नाही. काचेपलीकडून ती एवढंच सांगते, "घाई नको. अगदी हळू आला तरी दाबायचं, नाही आला तर नाही दाबायचं. दोन्ही बरोबरच असतं."

जबलपूरच्या विजय नगरात आमची घरं एकमेकांना लागून आहेत. मी शाळेत शिकवायची, ती कान तपासायची. एकवीस वर्षांच्या शेजारात तिचं काम मला इतकं पाठ झालं होतं की कधी कधी वाटायचं, आपणही यंत्र चालवू शकू. माणसाला जो सगळ्यात हळू आवाज ऐकू येतो, त्याला त्यांच्याकडे उंबरठा म्हणतात. तो शोधायची रीत साधी आहे. आवाज ऐकू आला की दहा डेसिबल खाली जायचं, नाही आला की पाच वर यायचं. पुन्हा दहा खाली, पाच वर. वर येताना तीनपैकी दोनदा ज्या जागी बटण दाबलं जातं, तो त्या सुराचा उंबरठा. जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत असे सात-आठ उंबरठे काढायचे, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, आणि कागदावर रेघेनं जोडायचे. एका माणसाला वीस मिनिटं. हेमलता पंचवीस घ्यायची.

हे काम तिला शिकवलं डॉक्टर यशोधन खांबेट्यांनी. कान-नाक-घशाचे डॉक्टर, जबलपूरच्या मराठी लोकांत मोठं नाव. तिचे वडील सरकारी कारखान्यात नोकरीला होते आणि डॉक्टरांचे मराठी मंडळातले मित्र. हेमलता कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले. डॉक्टरांनीच तिला श्रवण-वाचेच्या डिप्लोमाला बाहेरगावी घातलं आणि परत आल्यावर आपल्याकडे कामाला घेतलं. तपासणीसाठी दवाखान्याच्या मागे एक खोली बांधून घेतली, भिंतींना आतून जाड गादी, दाराला रबर. पहिल्या दिवशी ते स्वतः आत बसले आणि तिला म्हणाले, "माझे कान काढ." तिनं त्यांचा आलेख काढला. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "बेटा, तुझा हात प्रामाणिक आहे." हे वाक्य तिनं मला किमान दहा वेळा सांगितलं असेल. तिच्या लग्नात कन्यादानही डॉक्टर आणि त्यांच्या पत्नीनंच केलं. तिचा नवरा शैलेंद्र रेल्वेत आहे, मितभाषी माणूस. तो त्यांना सासरेच मानायचा.

सव्वीस वर्षं ती त्यांच्याकडे कामाला राहिली. त्यातली शेवटची नऊ वर्षं कारखान्याची.

रिछाईच्या औद्योगिक भागात लोखंडी पिंपं बनवणारा एक कारखाना आहे. तिथं पत्रा दाबण्याची यंत्रं दिवसभर आदळत असतात. अशा ठिकाणच्या कामगारांचे कान दर वर्षी तपासावे लागतात, आणि ते काम खांबेटे डॉक्टरांना मिळालं होतं. एकसष्ट माणसं. हेमलतानं सुरुवातीलाच एक अट घातली. तपासणी सोमवारी सकाळी, पाळी सुरू होण्याआधी. दिवसभर गोंगाटात राहिलेला कान काही तास सुन्न असतो, मग उंबरठा खरा मिळत नाही. रविवारचा आराम झालेला कानच तिला हवा असायचा. कारखान्याचे लोक कुरकुरले, पण डॉक्टरांनी तिची बाजू घेतली. त्याचंही तिला केवढं कौतुक होतं.

त्या एकसष्टांत बापू बोपचे होते. बालाघाटकडचे, पन्नाशीतले, दाबयंत्रावर काम करणारे. खोलीत बसले की चप्पल बाहेर काढून ठेवायचे, देवळात शिरावं तसे. हेमलताला ते ताई म्हणत, वयानं मोठे असूनही. गोंगाटानं जाणारा कान आधी एका ठरावीक बारीक सुराला जातो, चार हजार हर्ट्झच्या आसपास. कागदावर तिथं रेघेला खड्डा पडतो. बापूंचा खड्डा पहिल्या वर्षी नव्हता. तिसऱ्या वर्षी दिसायला लागला, आणि मग दर वर्षी खोल. नवव्या वर्षी डाव्या कानाचा उंबरठा पंचावन्नवर गेला होता; निरोगी कानाचा पंचविसाच्या आत असतो.

"बापू, कानाला काही लावता की नाही?" तिनं विचारलं.

"कापूस लावतो ना ताई."

"कापसानं काही होत नाही. मी लिहून देते डॉक्टरांना. तुम्हाला यंत्रावरून हलवायला पाहिजे."

ती दर वर्षी तसं लिहायची. आलेखाच्या खाली, स्वतःच्या अक्षरात, 'जागा बदलावी'. तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर जायचा. तिथून पुढं काय व्हायचं, ते तिनं कधी पाहिलं नाही. डॉक्टरांच्या ऑफिसात अहवाल टाइप व्हायचा आणि कारखान्याकडे जायचा. अहवालाच्या छापील कागदावर दोन सह्या लागत, तपासणाऱ्याची आणि डॉक्टरांची. वर्षाच्या सुरुवातीला डॉक्टर तिच्यापुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवायचे. "सह्या करून ठेव, म्हणजे तुला दर वेळी ऑफिसात ये-जा करावी लागणार नाही." ती करून ठेवायची. एकसष्ट सह्या, आणि खराब झाले तर म्हणून चार-पाच जास्तीच्या.

मी तिला एकदा विचारलं होतं, कोऱ्या कागदावर काहून सही करते? ती हसली होती. "सरांना नाही म्हणू?" एवढंच म्हणाली होती.

याच काळात तिला आणखी एक काम लागलं, आणि ते तिच्या फार आवडीचं झालं. सदर बाजारात मेघना टिकेकर नावाच्या जनावरांच्या डॉक्टरचा दवाखाना आहे. छावणीतल्या फौजी कुटुंबांची कुत्री तिच्याकडे येतात. ठिपकेवाल्या डाल्मेशियन जातीत जन्मतः बहिरी पिल्लं निघतात, आणि मालकाला वाटतं पिल्लू हट्टी आहे. मेघनानं कान तपासायचं एक जुनं यंत्र घेतलं होतं, पण ते वाचता येणारं कुणी नव्हतं. हेमलता दर गुरुवारी दुपारी जायला लागली.

कुत्र्याला बटण दाबायला सांगता येत नाही. त्याला थोडं गुंगीचं औषध देतात, डोक्याच्या कातडीखाली केसासारख्या बारीक सुया लावतात आणि कानात टक् टक् असे हजारो आवाज सोडतात. मेंदूपर्यंत आवाज पोचला तर पडद्यावरच्या रेघेत लाटा उठतात. आवाज कमी कमी करत न्यायचा, लाटा ज्या जागी विरतात तो उंबरठा. "कुत्र्याला माणसापेक्षा कितीतरी बारीक सूर ऐकू येतात, क्षमा," ती मला सांगायची. "आणि त्याची मर्जी, माझी मर्जी, काही मध्ये येत नाही. रेघ आली तर आली." पहिल्यांदा एका पिल्लाची रेघ सपाट आली तेव्हा ती फार हळवी होऊन घरी आली होती. पण मालकिणीनं ते पिल्लू परत केलं नाही, हाताच्या खुणांनी वाढवलं. ते समजल्यावर तिनं आमच्याकडे पेढे आणून दिले.

मागच्या वर्षीच्या आदल्या वर्षी, ऑगस्टमध्ये, एका रविवारी सकाळी बापू बोपचे त्यांच्या मुलीला घेऊन तिच्या घरी आले. मुलगी प्रणोती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, एका वकिलाच्या ऑफिसात काम करणारी. मी तेव्हा तिथंच होते, वाटीभर साखर परत करायला गेले होते. प्रणोतीनं पिशवीतून एक कागद काढून हेमलतापुढे ठेवला.

"बाबांनी यंत्रावरून हलवा म्हणून अर्ज दिला होता," ती म्हणाली. "कारखाना म्हणते, कान नॉर्मल आहेत. मी वकीलसाहेबांच्या मदतीनं अहवालाची प्रत मागवली. ही तुमची सही आहे ना?"

हेमलतानं कागद हातात घेतला. सही तिचीच होती. वर डाव्या कानापुढे, चार हजाराच्या रकान्यात, वीस लिहिलं होतं.

"हे चुकून..." ती म्हणाली आणि थांबली.

प्रणोतीनं आणखी कागद काढले. नऊ वर्षांचे नऊ. प्रत्येक वर्षी वीस, पंधरा, वीस. प्रत्येकावर हेमलताची सही. 'जागा बदलावी' कुठंच नाही.

बापू इतका वेळ तिच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना आमचं बोलणं अर्धंच पोचत होतं. ते म्हणाले, "ताई, तुमी तर मले सांगत होते का कान चालला म्हणून. मग कागदावर असं काहून लिवलं?"

"मला एक दिवस द्या," हेमलता म्हणाली. प्रणोतीनं कागद परत पिशवीत भरले, एक प्रत हेमलताकडे ठेवली, आणि दोघं चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. जे झालं ते तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, शब्द न् शब्द. ती अशी सांगत होती की जणू वर्गातला धडा वाचून दाखवते आहे.

डॉक्टरांनी चष्मा लावून कागद पाहिला.

"सर, हे माझे आकडे नाहीत."

"नाहीत," ते म्हणाले.

तिनं मनात सगळी तयारी केली होती. ऑफिसातल्या कुणाची चूक असेल, टाइप करताना रकाना हलला असेल. ते एका शब्दात मान्य करतील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मग कोणाचे?"

"दुरुस्ती केली मी. वय वजा केलं. खोलीतला आवाज वजा केला."

"खोलीत आवाज नाही, सर. खोली तुम्हीच बांधून घेतली आहे. आणि वय वजा करून पंचावन्नचे वीस होत नाहीत."

"बैस, बेटा." ती बसली नाही. ते समजावणीच्या सुरात बोलत राहिले. "हे बघ, माणसं बोलतात ते जाड सुरांत. बापूला बोलणं ऐकू येतं की नाही? चार हजाराला खड्डा पडला म्हणून वीस-पंचवीस माणसं यंत्रावरून हलवायची म्हटलं तर कारखाना चालायचा कसा? आपण असे अहवाल दिले असते तर त्यांनी दुसरा कोणी पाहिला असता. तो खोलीत बसवून तपासतसुद्धा नाही. तू निदान नीट तपासत होतीस."

"कशासाठी तपासत होते मी, सर?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिनं आपले मूळ कागद मागितले, हातानं काढलेले आलेख. ते म्हणाले, जुने कागद दिवाळीच्या सफाईत रद्दीत गेले. मग ती दाराकडे वळली तेव्हा मागून म्हणाले, "हेमा, सही तुझी आहे. म्हणून सांगतो, विषय वाढवू नकोस. तुझ्याच अंगावर येईल."

"ते मला घाबरवत नव्हते, क्षमा," ती मला म्हणाली. "काळजीनं सांगत होते. माझं लग्न ठरलं तेव्हा ज्या आवाजात बोलले होते ना, त्याच आवाजात."

शैलेंद्र त्या दिवशी घरी होता. तो म्हणाला, "त्यांनी आपल्यासाठी खूप केलं आहे. थोडं थांब. शांतपणे विचार कर."

"विचारच करून राहिले," हेमलता म्हणाली. "पहिल्या वर्षीच माझ्यापुढे कोरे कागद ठेवले त्यांनी. पहिल्याच वर्षी. तेव्हा तर कोणाचा कान तपासलाही नव्हता."

हे मलाही सुचलं नव्हतं. तिला ते सगळ्यात जास्त लागलं होतं. नंतर कधीतरी मोह झाला, दबाव आला, असं काही असतं तर ती कदाचित त्यांच्यासाठी कारण शोधत बसली असती. पण त्यांनी तिचा प्रामाणिक हात सुरुवातीपासूनच यासाठी राखून ठेवला होता.

चार दिवसांनी ती अधारताल वस्तीत बापूंच्या घरी गेली. मला सोबत नेलं. एका लांब गल्लीत, दारासमोर दार असलेली घरं. बापू ओट्यावर बसले होते. ती त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली की आकडे डॉक्टरांनी बदलले, तिनं कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. बापूंनी कानामागे हात धरला. "काय म्हनता?"

तिनं पुन्हा सांगितलं. त्यांना कळलं नाही. प्रणोती दारात उभी होती, ती मध्ये पडली नाही.

मग हेमलताला मोठ्यानं बोलावं लागलं. "मी कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, बापू. नऊ वर्षं. डॉक्टरांनी त्यावर खोटे आकडे लिहिले. मी कधी पाहिलं नाही." समोरच्या घरातली बाई भाजी निवडता निवडता थांबली. एक जण सायकल लावून उभा राहिला. हेमलताचा चेहरा लाल झाला होता, पण ती थांबली नाही, बापूंनी मान हलवेपर्यंत तेच पुन्हा सांगत राहिली. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

बापूंनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "डाक्टरचं मी काही म्हनत नाही. त्याले मी वळखत नाही. तुमाले वळखत होतो."

प्रणोती म्हणाली, "आता तोंडानं सांगून काय होते, ताई? लिहून द्या."

तिनं तिथंच बसून लिहून दिलं. दोन पानं, स्वतःची चूक आधी, डॉक्टरांची नंतर. ते पत्र कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी निरीक्षकाकडे गेलं. त्याच दिवशी तिनं खांबेट्यांकडची नोकरी सोडली.

निरीक्षकानं डॉक्टरांना खुलासा विचारला. त्यांच्या उत्तराची एक प्रत टपालानं हेमलताच्या घरी आली. मी ती वाचली आहे. त्यात होतं की तपासणी पूर्णपणे श्रीमती उपासनी यांच्याकडे होती, त्या केवळ डिप्लोमाधारक आहेत, यंत्राची वेळोवेळी जुळणी करून घेणं त्यांची जबाबदारी होती, आणि आकड्यांत तफावत आढळत असल्यास ती त्यांच्या निष्काळजीपणामुळे असावी. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवून सही केली.

हेमलतानं ते पत्र वाचून टेबलावर ठेवलं. "श्रीमती उपासनी," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत त्यांनी तिला या नावानं कधी हाक मारली नव्हती.

आता तिच्याकडे मूळ आलेख नव्हते आणि तिच्या शब्दाला किंमत नव्हती. निरीक्षकाच्या ऑफिसातले लोक म्हणाले, बाई, कोण खरं बोलतंय ते आम्ही कसं ठरवणार? कामगारांनी बटण न दाबता बहिरेपणाचं सोंग केलं असेल, तुम्ही त्यांना सामील असाल. तेव्हा तिला मेघनाचं यंत्र आठवलं.

मेघनानं आधी नाही म्हटलं. "दीदी, जनावरांचा दवाखाना आहे. उद्या कुणी विचारलं तर?"

"यंत्र माणसांसाठीच बनलेलं आहे," हेमलता म्हणाली. "सुया नाही वापरणार, वरून चिकटवायच्या तारा मी स्वतः आणते. निदान म्हणून नाही देणार कोणाला. फक्त तारखेसकट रेघा छापून देणार. मग सरकारी दवाखान्यानं काय ते तपासावं."

मेघनानं दोन दिवस विचार केला आणि रविवारची किल्ली दिली.

एकसष्ट जणांना निरोप गेला होता. अकरा आले. बाकीच्यांना नोकरीची भीती होती, काहींनी सरळ सांगितलं की त्या बाईवर भरवसा नाही. अकरा जण चार रविवारांत झाले. बापू पहिले. दवाखान्यात माणसाला निजवायला पलंग नव्हता, जनावरांचं स्टीलचं टेबल होतं. त्यावर चादर घातली, पाय टेकायला पुढं स्टूल लावलं. शेजारच्या खोलीत ऑपरेशन झालेलं एक पॉमेरेनियन विव्हळत होतं. त्याच्या आवाजानं रेघ बिघडते, म्हणून ते झोपेपर्यंत सगळे थांबले. बापूंच्या कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या.

"मी काय करू?" बापूंनी विचारलं.

"काहीच नाही. डोळे मिटून पडा. झोप लागली तरी चालेल."

"बटन?"

"बटण नाही."

प्रणोती भिंतीशी उभी राहून पडदा पाहत होती. हेमलतानं तिला प्रत्येक पायरी सांगितली. मोठा आवाज दिला तेव्हा रेघेत लाट होती. कमी केला, लाट बसत गेली. जिथं तंदुरुस्त कानाची लाट स्वच्छ दिसायला हवी, तिथं बापूंची रेघ सपाट होती. पुन्हा घेतली. पुन्हा सपाट. प्रणोतीनं विचारलं, "हे कोणाला बदलता येते का?" हेमलता म्हणाली, "छापून तुझ्या हातात देते आहे." तेवढ्यात बापू घोरायला लागले. त्या टेबलावर, त्या तारांसकट.

अकरांपैकी नऊ जणांच्या रेघा तशाच निघाल्या. ते कागद अर्जाला जोडले गेले. निरीक्षकानं सगळ्या एकसष्टांची तपासणी सरकारी रुग्णालयात नव्यानं करायला लावली. त्याला सहा महिने लागले. सत्तावीस जणांचे कान गेलेले निघाले, त्यांतल्या आठ जणांचे फारच. कारखान्याला कानावर घालायचे जाड टोप द्यावे लागले, पाळ्या बदलाव्या लागल्या. बापूंना गोदामात हलवलं.

डॉक्टरांचं काहीच झालं नाही. मूळ आलेख नसल्यामुळे आकडे कुणी बदलले ते सिद्ध झालं नाही, आणि सही तर हेमलताची होती. तिला मात्र नोंदणी देणाऱ्या संस्थेकडून लेखी ताकीद आली, कोऱ्या अहवालांवर सह्या केल्याबद्दल. तिनं ती ताकीद फाइलमध्ये लावली. "ही बरोबर आहे," म्हणाली.

मराठी मंडळींत दोन तट पडले असं म्हणायला मला आवडलं असतं. पडले नाहीत. बहुतेकांचं मत होतं की मोठ्या माणसाचं खाऊन तिनं असं करायला नको होतं. तिनं मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं कमी केलं. गेल्या गणपतीत मी आग्रह केला म्हणून ती आरतीला आली. आरती झाली, प्रसादाची रांग होती, आणि डॉक्टर खांबेटे काठी टेकत तिच्याकडेच आले. चौऱ्याहत्तरचे झालेत आता.

"काय गं हेमा, बरी आहेस ना बेटा?" जणू मधलं काही घडलंच नव्हतं. तिनं मान हलवली.

"तुझ्याकडे येणारच होतो एकदा," ते म्हणाले. "आजकाल घरात हिचं बोलणं नीट येत नाही. शब्दांची टोकं जातात. माझे कान काढून दे. इथं दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही."

ते मनापासून बोलत होते. त्यात वाकडं काही नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला वाटतं तेच तिला सहन झालं नाही.

"नाही, सर," ती म्हणाली.

"काहून?"

"तुम्ही आत बसणार आणि बटण दाबणार. ते खरं आहे असं मला बाहेर बसून मानावं लागतं. तुमच्या बाबतीत मला ते जमणार नाही."

त्यांनी कानामागे हात नेला. बहुतेक पूर्ण ऐकू आलं नव्हतं. तिनं पुन्हा सांगितलं नाही. प्रसादाचा द्रोण रांगेतल्या टेबलावर ठेवून ती बाहेर पडली, मी मागोमाग. रिक्षात ती रडली. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. "मला त्यांची दया आली," ती म्हणत होती. "अजून येते. त्याचाच राग येतो मला."

आता ती घराच्या पुढच्या खोलीत माणसांचे कान तपासते, आणि गुरुवारी सदरला कुत्र्यांचे. गादीच्या भिंती शैलेंद्रनंच लावून दिल्या. काही न बोलता, दोन रविवार खपून. अहवाल ती माणसासमोर लिहिते, सही शेवटी करते आणि कागद त्याच्या हातात देते.

या जानेवारीत बापू आले होते, प्रणोतीसोबत. आपणहून. सोमवारी सकाळी, गोदामाची पाळी सुरू होण्याआधी. मी पुढच्या अंगणात होते. तपासणी झाल्यावर दार उघडलं आणि हेमलतानं आलेख बापूंच्या गुडघ्यावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "डावा जिथं होता तिथंच आहे. वाढलं नाही."

बापू हसले. म्हणाले, "नात बोलते ते नाही समजत अजून."

"ते समजायला यंत्र लावावं लागेल कानाला. मी सांगते कुठून घ्यायचं ते."

प्रणोतीनं मोबाइल काढून आधी यंत्राच्या पडद्याचा फोटो घेतला, मग आलेखाचा. एकेक गोल आणि फुली बोटानं लावून पाहिली, पडद्यावरचे आकडे कागदाशी जुळतात का. तिला वेळ लागला. हेमलता हात मांडीवर ठेवून बसून राहिली, तिचं होईपर्यंत.

"आठ हजारचं राहिलं," हेमलता म्हणाली. "खाली बघ, उजवीकडे."

प्रणोतीनं तेही पाहिलं. मग मान हलवली, मोबाइल पर्समध्ये ठेवला, आणि बापूंना चप्पल घालायला हात दिला.